पंप बदलला, गळती तिथेच

“साहेब, वॉटर पंप गेलाय.” गॅरेजमध्ये हे वाक्य कानावर पडलं की गाडीमालकाच्या तोंडून ठरलेला प्रश्न निघतो, “किती होतील?” कशावरून गेला, असं विचारणारा विरळा. पंप बदलला जातो, कूलंट भरलं जातं, बिल चुकतं होतं आणि महिन्याभरात बाटलीतली पातळी पुन्हा खाली गेलेली असते. मग रेडिएटरवर संशय, मग होजपाइपवर, आणि शेवटी मान हलवत, “बहुतेक हेड गॅस्केट असणार.” दर खेपेला सामान नवं, मजुरीही नवी. गळती नेमकी कुठे आहे हे शोधणं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त पायरी, पण ती कुणी चढलेलंच नसतं.

याचा दोष मेकॅनिकच्या माथी मारणं सोपं आहे. पण आपल्याकडे मोटारदुरुस्तीत पैसे मिळतात ते सामानाला. शोधाला मिळत नाहीत. एखाद्या मिस्त्रीने तासभर बॉनेटखाली डोकं घालून, दाब देऊन, टॉर्च मारून गळतीची जागा दाखवली आणि ती निघाली पन्नास-साठ रुपयांची होज क्लिप, तर मालक क्लिपचे पैसे देतो आणि वर म्हणतो, “नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?” त्या तासाची किंमत शून्य धरली गेली की पुढच्या गिऱ्हाइकाला मिस्त्री काय सांगेल हे उघड आहे. पंप बदलला तर सामानावर चार पैसे सुटतात, मजुरी मिळते आणि गिऱ्हाईकही कुरकुर न करता देतं, कारण हातात खोका दिसतो.

मुळात कूलंट ही खर्च होणारी वस्तू नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट मात्र बंद चक्रात फिरत राहतं. वर्ष-दोन वर्षांत पातळी बोटभर उतरली तर समजण्यासारखं आहे. पण दर महिन्याला अर्धा लिटर ओतावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय, आणि ‘टॉप-अप’ करून देणारा प्रत्येक जण त्या गळतीला मुदतवाढ देतोय.

ओतत राहण्याची सवय एका वेगळ्या काळातून आलेली आहे. १८८६ साली कार्ल बेन्झच्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जाई, तेव्हा वाटेत पाणी घालणं भागच होतं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर पंपच काढून टाकला होता. गरम पाणी वर चढतं आणि गार खाली उतरतं, एवढ्या भांडवलावर लाखो गाड्या चालल्या. आपल्या अँबॅसडरचं इंजिन बिडाचं. ते तापलं तरी बरंच सोसायचं, आणि डिकीत पाण्याचा कॅन ठेवणं हा ड्रायव्हरच्या शहाणपणाचा भाग होता. २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडरचं उत्पादन थांबलं. कॅन मात्र अजून आहे, आणि त्यातलं पाणी आता अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जातंय. अॅल्युमिनियम वाजवीपेक्षा तापलं की वाकतं. मग हेड उतरवा, फेसिंग मारा, गॅस्केट बदला. इंजिन सिझ झालं असेल तर बोलायलाच नको.

आजच्या गाडीत सगळा खेळ दाबाचा आहे. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. काही युरोपीय गाड्यांत तो १.४ च्या घरात जातो. वातावरणापेक्षा इतके बार जास्त दाब आत कोंडून ठेवायचा, हे त्या झाकणाचं काम. एक बार जादा दाब असेल तर साधं पाणीदेखील १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट त्याच्याही पुढे टिकतं. गळती झाली की पातळी उतरतेच, पण आधी हा दाब जातो. वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीचा विचार करावा. वर, साडेतेराशे मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिन तर एरवीच नव्वदीच्या आसपास चालतं. झाकणाचं रबर झिजलेलं, आत बोअरचं पाणी, दुसऱ्या गिअरमध्ये चढ आणि एसी चालू, असं सगळं जुळून आलं की गाडी हीट मारणारच. दोष मात्र घाटाला दिला जातो.

म्हणूनच शोधाची सुरुवात झाकणापासून व्हायला हवी. गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी तो एक, आणि सर्वांत कमी तपासला जाणारा. स्प्रिंग ढिली पडली की तापलेलं कूलंट लवकर बाहेर पडतं, बाटली ओसंडते आणि गळती पंपाची वाटते. झाकणात उलट बाजूची एक छोटी झडपही असते. ती चिकटली तर इंजिन गार होताना आत पोकळी निर्माण होते आणि वरचा होजपाइप चपटा पडतो. चपटा पडलेला होज दिसला की बहुतेक ठिकाणी होजच बदलतात.

मग नाक आणि डोळे. ग्लायकॉलला गोडसर वास असतो. केबिनमध्ये तो वास येत असेल, पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल आणि पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर पाझरतोय असं समजावं. पण नुसतं ओलं कार्पेट बघून घाबरू नये. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी डाव्या बाजूची मॅट भिजते. ते पाणी स्वच्छ असतं, बोटांना चिकटत नाही आणि त्याला वासही नसतो. गाडीखाली थेंब नाही म्हणून गळती नाही, हाही असाच भाबडेपणा. तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो तिथेच वाळतो आणि मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खपली ठेवून जातो. जाणता मिस्त्री ती खपलीच शोधतो. आणि गळतीचा डाग नेहमी खाली आणि मागे ओघळतो, पंख्याचा वारा त्याला आणखी मागे फेकतो. त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथे नाही, तर ओलाव्याच्या सर्वांत वरच्या टोकाशी बघायचं.

खरं हत्यार मात्र दाब-चाचणीचं. हातपंप, त्यावर दाबाचा काटा आणि वेगवेगळ्या गाड्यांना बसणारी झाकणं, असा तो साधा संच असतो. इंजिन गार असताना झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे लक्ष ठेवायचं. काटा हलला नाही तर बाहेर गळती नाही. हलला तर कूलंट कुठून ना कुठून डोकं वर काढतंच. काही जोड गार असतानाच गळतात, कारण धातू आकसलेला असतो, आणि तापल्यावर आपोआप मिटतात. काहींचं नेमकं उलटं. म्हणून एकदा गार आणि एकदा गरम असं बघावं लागतं. तरीही सापडलं नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालतात, दोन दिवस गाडी फिरवतात आणि जांभळ्या दिव्याखाली तपासतात.

काटा उतरतोय, पण बाहेर टिपूसही नाही? मग कूलंट आत जातंय. हेड गॅस्केटची ही शंका तपासायला एक स्वस्त रसायन मिळतं: निळं द्रावण बाटलीच्या तोंडाशी धरून आतली हवा त्यातून ओढायची. कूलंटमध्ये जळका वायू शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. पाच-दहा मिनिटांचं काम. ते न करता “हेड उतरवून बघू” असं म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी.

आता पंप. त्याची रचना साधी आहे: एका टोकाला पट्ट्याने फिरणारी पुली, दुसऱ्या टोकाला कूलंट ढकलणारी पाती, मध्ये बेअरिंग आणि सील. सीलचे घासणारे पृष्ठभाग वंगणासाठी कूलंटच्याच पातळ थरावर अवलंबून असतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तिथे साठले की सील खरवडला जातो. सीलमधून निसटलेलं कूलंट बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून पंपाच्या अंगाला, खालच्या बाजूला, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकाशी वाळलेली पुसट खूण असेल तर घाई नको. ओल, ताजी धार किंवा जाड खपली असेल तर सील गेला. पुली धरून हलवली आणि ती डुलली, किंवा बेअरिंग घरघरलं, तर वाद मिटला. म्हणजे पंप स्वतःच आपली तब्येत सांगतो; फक्त कुणीतरी आरसा आणि टॉर्च घेऊन त्या भोकाकडे बघायला हवं. एकच पळवाट आहे. पाती झिजलेली किंवा शाफ्टवर सैल झालेली असतील तर थेंबभरही न गळता पंप निकामी होतो. फोक्सवॅगन-आउडीच्या १.८ टर्बो इंजिनात प्लास्टिकच्या पात्यांचे पंप यासाठीच बदनाम झाले होते.

पंप खरोखरच गेला असेल तर पुढचा प्रश्न तो कशावर फिरतो हा. काही गाड्यांत तो बाहेरच्या पट्ट्यावर असतो आणि काम अर्ध्या दिवसात उरकतं. पण २०१२ पासून आपल्या रस्त्यांवर दिसलेल्या रेनॉ डस्टरचं १.५ लिटर डिझेल इंजिन घ्या, किंवा चाकणला बनलेल्या पोलोचं टीडीआय. इथे पंप टायमिंग बेल्टवर चालतो. पंपाशी पोचायचं तर टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, आणि बेल्ट बदलायचा तर पंपाचे बोल्ट समोरच दिसत असतात. मजुरी एकच. तरीही बेल्टच्या वेळी पंपाचे पैसे वाचवणारे मालक आहेत आणि पंपाच्या वेळी जुनाच बेल्ट परत चढवणारी गॅरेजंही आहेत. दोघेही त्याच कामाचे पैसे दोनदा मोजायची तयारी करत असतात. शिवाय पंप पाझरला तर कूलंट बेल्टवर उडतं, बेल्ट दात सोडतो, आणि या इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इथे पंप, बेल्ट आणि टेन्शनर एकत्र बदलावेत, याबाबत घासाघीस नको.

बसवण्यातही कसब लागतं, आणि घाईत तेच सुटतं. जुनं गॅस्केट पटाशीने खरवडलं की अॅल्युमिनियमवर ओरखडा उमटतो आणि नवा पंप पहिल्या दिवसापासून पाझरतो. सिलिकॉनची ट्यूब सढळ हाताने पिळली की त्याच्या गुठळ्या आत सुटतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे, बेल्ट चढल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात का बघायचं, मगच चावी मारायची. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो उघडून आतली हवा काढायची. आत हवेचा फुगा राहिला तर नवा पंप असूनही गाडी तापते, आणि मग तोच पंप ‘डुप्लिकेट निघाला’ म्हणून पुन्हा उतरवला जातो.

आपल्याकडच्या दोन उपायांबद्दल बोलायलाच हवं. पहिला, रेडिएटरमध्ये हळद. बारीक छिद्रात ती तात्पुरती बसते हे खरं. आडरानात अडकलेल्या ट्रकवाल्याने ती टाकली तर कुणी नावं ठेवू नयेत. बाजारातली ‘लीक स्टॉप’ची बाटली हा तिचाच सुटाबुटातला भाऊ, आणि दोघेही छिद्र कुठलं, नळी कुठली यात फरक करत नाहीत. शहरात, दुकानं उघडी असताना, हा उपाय सुचवणारा मेकॅनिक काम टाळतोय. दुसरा उपाय अधिक घातक: “आपल्याकडे कुठे थंडी आहे?” म्हणत थर्मोस्टॅट काढून टाकणं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिनाला कामाच्या तापमानावर ठेवतो. तो नसला की इंजिन गारच राहतं, संगणक जास्त इंधन सोडत राहतो आणि झीज वाढते. त्याहून मौज म्हणजे अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी, म्हणजे गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात. तापू नये म्हणून केलेला उपाय ऐन घाटात तापवतो.

पाणी घालणाऱ्यांची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. शर्यतीच्या अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो, आणि तिथे गाड्या पाण्यावर पळतात. पण गंजरोधक रसायनं पाण्यात नसतात. वाटेत अडलंच तर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घालावं, नळाचं नाही. आणि रंगावरून कूलंट जुळवू नये. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांचे मनमानी रंग आहेत. बाटलीवरचं आयएस ५७५९ सारखं मानक आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार वाचायचा. काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतणं हा तर गुन्हाच मानायला हवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विष असतं. गॅरेजसमोरच्या डबक्यातून ते चाटणारी कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

कार कंपन्यांनाही यात मोकळं सोडता येत नाही. कित्येक छोट्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरून तापमानाचा काटा गायब झाला आणि त्याच्या जागी एक दिवा आला. काटा हळूहळू चढताना दिसतो, विचार करायला वेळ देतो. लाल दिवा लागतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्यातही कूलंट पूर्ण वाहून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडून खोटा आकडा दाखवू शकतो. टचस्क्रीनवर गाण्यांचे अल्बम दाखवायला जागा आहे, इंजिनाच्या तापमानाला नाही, हा काटकसरीचा विचित्र नमुना आहे. आणि जळालेल्या इंजिनाचा भुर्दंड मालकावरच पडतो, कारण नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

स्वतंत्र गॅरेजांची अडचणही खरी आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलवर पुस्तिका दिसली म्हणून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बेल्टच्या खुणांची आकृती आणि बोल्टचा टॉर्क सहज मिळेल, असं होत नाही. टाइमिंग टूलशिवाय खडूच्या खुणा करून बेल्ट चढवणारा माणूस नेहमी निष्काळजीच असतो असं नाही. अनेकदा त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

विजेच्या गाड्या आल्या की हे संपेल, अशी एक आशा ऐकू येते. टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरीही द्रवानेच गार ठेवली जाते. तिलाही पंप आहे, होज आहेत आणि पातळी दाखवणारी बाटली आहे. तिथे चुकीचं कूलंट किंवा नळाचं पाणी ओतण्याचा परिणाम हेड वाकण्यापेक्षा महाग पडेल.

त्यामुळे बदल गिऱ्हाइकापासूनच सुरू व्हावा. तपासणीची वेगळी मजुरी आधी ठरवून द्यावी आणि त्या बदल्यात जॉब कार्डावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: दाब किती दिला, किती वेळात किती उतरला, आणि गळती कुठे दिसली. जागेचा मोबाइलवर फोटो. ‘वॉटर पंप गेला’ एवढ्यावर सही करू नये. काम झाल्यावर जुना पंप परत मागावा. तो मालकाचा आहे, भंगारवाल्याचा नाही. पुली बोटांनी फिरवून बघावी, खालच्या बारीक भोकाशी खपली आहे का ते पाहावं. बेअरिंग घट्ट असेल, पाती शाबूत असतील आणि भोक कोरडं ठणठणीत असेल, तर बिल देण्याआधी दुसऱ्यांदा दाब-चाचणी करून मागायला मालकाच्या हातात पुरावा आहे.